फोमची गोळी, दोन बंदुका आणि अर्धा मिलिमीटर

होस्टेलच्या पॅसेजमध्ये रात्री अकरानंतर जे ‘युद्ध’ पेटतं, त्यातली शस्त्रं आता तुम्हाला नवीन नाहीत. कुणाकडे नातेवाइकांनी परदेशातून आणलेला अस्सल नर्फ ब्लास्टर, तर कुणाकडे जत्रेत घासाघीस करून घेतलेला त्याचा जुळा भाऊ. दोन्हींच्या मालकांत वाद ठरलेला : “अरे, सेम टू सेम आहे!” विरुद्ध “हॅट्, डुप्लिकेट ते डुप्लिकेटच!” मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला वाटतं, या वादाचा निकाल स्क्रू-ड्रायव्हरने आणि व्हर्नियरने लावावा.

आधी थोडा इतिहास. नर्फची सुरुवात बंदुकीने झाली नाही, चेंडूने झाली. रेन गायर या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेतून पार्कर ब्रदर्स कंपनीने १९७० च्या सुमारास घरात खेळता येईल असा फोमचा चेंडू बाजारात आणला. १९९१ मध्ये हा ब्रँड हॅस्ब्रोकडे गेला आणि १९९२ मध्ये ‘शार्पशूटर’ हा डार्ट उडवणारा ब्लास्टर आला. २०१२ च्या ‘एलिट’ मालिकेपासून जो डार्ट रूढ झाला, तो साधारण ७ सेंमी लांब, १३ मिमी जाड आणि १ ग्रॅम वजनाचा. बाजारातल्या बहुतेक नकला याच मापाला धरून असतात.

इथे एक फरक लक्षात ठेवा. झुरू कंपनीची ‘एक्स-शॉट’ ही नक्कल नव्हे. स्वतःचं डिझाइन असलेली ती स्पर्धक आहे. मी बोलतोय ते दुसऱ्याची वस्तू उघडून, मापं घेऊन, साचा पाडून केलेल्या कॉपीबद्दल.

आत काय असतं?

स्प्रिंगच्या ब्लास्टरमध्ये एक सिलिंडर, त्यात ओ-रिंग बसवलेला दट्ट्या आणि मागे स्प्रिंग. घोडा ओढला की दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि डार्ट सुटतो. सायकलच्या पंपाचाच चुलतभाऊ! आता कॉपी करणारा काय करतो? तयार भाग मोजतो. पण ए.बी.एस. प्लास्टिक साच्यात थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. मूळ साचा तेवढा मोठा केलेला असतो. कॉपी करणारा हा हिशोब विसरला, तर १०० मिमीचा भाग अर्धा मिलिमीटर लहान निघतो.

तुम्ही म्हणाल, सगळंच सारख्या प्रमाणात लहान झालं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की ओ-रिंग आणि डार्ट बाजारातून तयार येतात, ते आकसत नाहीत. मग ओ-रिंग घट्ट बसते आणि स्प्रिंगची ताकद घर्षणात जाते. त्यावर उपाय म्हणून बारीक रिंग घातली, तर हवा गळते. म्हणजे टॉलरन्सचा जो चॅप्टर आपण परीक्षेपुरता पाठ करतो, तो इथे खेळण्यात भेटतो.

बॅटरीवरच्या ब्लास्टरची गोष्ट वेगळी. नर्फच्या ‘स्ट्राइफ’मध्ये चार एए सेल, म्हणजे ६ व्होल्ट, आणि उलटसुलट फिरणारी दोन चाकं असतात. मोटर अडकून करंट वाढला, तर थर्मिस्टर तो रोखतो. नकलेत पहिली काट अशाच गोष्टींना लागते, कारण त्या दुकानात दिसत नाहीत. वर आपले काही बहाद्दर त्यात एए मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल घालतात. चार सेल म्हणजे १४.८ व्होल्ट! वायर तापेल, प्लास्टिक वितळेल आणि खाली गादी आहे, हे विसरू नका.

पल्ल्याचा दावा

एलिट २.० च्या खोक्यावर ९० फूट, म्हणजे २७ मीटर लिहिलेलं असतं. पण ते ब्लास्टर वर तिरका धरून. सुमारे २१ मीटर प्रतिसेकंद वेगाचा डार्ट सव्वा मीटर उंचीवरून आडवा सोडला, तर अर्ध्या सेकंदात तो जमिनीवर येतो. हवेचा विरोध धरलाच नाही तरी पल्ला साडेदहा मीटर. तेव्हा खोक्यांची तुलना करू नका, वेग मोजा.

वेग मोजायला लॅबची गरज नाही. लोखंडी कपाटापासून ३ मीटरवर उभे राहा. मोबाइल बरोबर मध्यावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. ‘फट्’ आणि ‘टण्’ यांतलं अंतर ०.१५ सेकंद आलं, तर सरासरी वेग २० मीटर प्रतिसेकंद. मोबाइल मध्यावर का? दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो, म्हणून तो वजाबाकीत उडून जातो. दहा शॉट घ्या आणि सरासरीबरोबर स्टँडर्ड डेव्हिएशनही काढा. माझ्या मते अस्सल-नकलेतला खरा फरक त्या दुसऱ्या आकड्यात आहे. नक्कल कधी कधी जोरातही मारते. पण पुढचा शॉट कसा जाईल, याची खात्री देत नाही.

आणि डोळा?

आता गंभीर मुद्दा. १ ग्रॅमचा डार्ट २१ च्या वेगाने ०.२२ ज्यूल ऊर्जा नेतो. २५ च्या वेगाने ०.३१. वेग १९ टक्के वाढला, ऊर्जा ४२ टक्के. २०१७ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी अशा डार्टमुळे डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि स्वस्त पर्यायी डार्टची टोकं अधिक कडक असतात, याकडेही लक्ष वेधलं. म्हणजे ब्रँड पाहून डोळा वाचत नाही. नकली डार्टचं टोक नखाने दाबून बघा. दबत नसेल किंवा गोंद सुटून हलत असेल, तर तो डार्ट सरळ कचऱ्यात टाका.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे. अस्सल असो वा दुसरं, चिन्ह नसेल तर घेऊ नका.

थोडक्यात काय, तर खेळण्याच्या किमतीत प्लास्टिकपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टी जास्त असतात : आकसण्याचा हिशोब, थर्मिस्टर, टोकाचा मऊपणा, चाचण्या. उद्या आपण इंजिनिअर होऊ, तेव्हा ‘कॉस्ट कटिंग’च्या मीटिंगमध्ये पहिली कात्री याच गोष्टींवर चालवायला सांगतील. तेव्हा काय बोलायचं, याची तयारी आतापासून करू. आणि तोपर्यंत, रात्रीच्या युद्धात वर्कशॉपचा गॉगल घालून उतरा. हसले तर हसू देत!