बल्गेरियाचे सणवार : शेताचे, चर्चचे आणि शासनाचे

बल्गेरिया हा काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बाल्कन देश. सुमारे पाच शतके तो ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली होता. १८७८ मध्ये मुक्त झाला. पुढे १९४४ पासून साडेचार दशके तेथे साम्यवादी राजवट होती. अशा देशाच्या सणवारांकडे पाहू लागले की त्यांत दोन थर दिसतात. एक शेतकऱ्याचा व चर्चचा, दुसरा शासनाचा. पहिला फार सावकाश बदलतो. दुसरा राज्यकर्ते बदलले की बदलतो.

पहिल्या थराचा आरंभ नववर्षाने होतो. मुले सजवलेली काठी घेऊन घरोघर जातात, वडीलधाऱ्यांच्या पाठीवर ती हलकेच मारून आरोग्य चिंतितात आणि खाऊ, नाणी मिळवतात. जानेवारीच्या मध्यास पेर्निकच्या परिसरात केसाळ कातडी, मुखवटे व कमरेला जड घंटा बांधलेले पुरुष गावभर नाचतात. घंटांच्या आवाजाने अरिष्ट पळते, अशी श्रद्धा.

१ मार्चचा सण सर्वांत गोड म्हणावा लागेल. त्या दिवशी ‘बाबा मार्ता’ येते. बल्गेरियन भाषेत ‘बाबा’ म्हणजे आजी! ही मार्चआजी मोठी लहरी. ती हसली की ऊन, रागावली की थंडी. तिला प्रसन्न ठेवण्यासाठी लोक तांबड्या-पांढऱ्या धाग्यांची ‘मार्तेनित्सा’ मनगटावर बांधतात वा छातीवर लावतात. करकोचा, पाकोळी किंवा बहरलेले झाड दृष्टीस पडले की ती काढून झाडाच्या फांदीला बांधतात. ही प्रथा शेजारच्या रोमानियातही आहे.

या थरातही एक गुंता आहे. १९१६ मध्ये बल्गेरियाने जुनी कालगणना सोडली आणि ३१ मार्चनंतर एकदम १४ एप्रिल उजाडला. चर्चने आपले ठरावीक तारखांचे सण नव्या गणनेवर आणले ते मात्र १९६८ मध्ये. परिणामी द्राक्षवेली छाटून त्यांवर मद्य शिंपडण्याचा संत त्रिफोनचा सण कोठे १ फेब्रुवारीला, तर कोठे १४ फेब्रुवारीला होतो. स्त्रांजा डोंगरातील बल्गारी गावी संत कॉन्स्टंटाइन व हेलेना यांच्या उत्सवात ढोल व गायदा या वाद्यांच्या तालावर अनवाणी निखाऱ्यांवरून नाचतात. तो विधी जुन्या तिथीप्रमाणे ३ जूनला होतो. चर्चने तारीख बदलली म्हणून गाव बदलले नाही.

आता दुसरा थर. साम्यवादी काळात ९ सप्टेंबर, म्हणजे १९४४ च्या सत्तांतराचा दिवस, हा राष्ट्रीय सण होता. नाताळला सुटी नव्हती. भेटवस्तू आणणारा ‘थंडीआजोबा’ नववर्षाला येई. राष्ट्रजागृती करणाऱ्यांच्या स्मरणाचा १ नोव्हेंबर हा दिवस १९४५ मध्ये बंद झाला, तो १९९२ मध्ये परतला. १९९० पासून ३ मार्च, म्हणजे १८७८ च्या सान स्तेफानो तहाचा दिवस, राष्ट्रीय सण मानला जातो. ९ सप्टेंबर यादीतून गेला.

या उलथापालथीत टिकून राहिलेला एक दिवस विशेष विचार करण्याजोगा आहे : २४ मे. नवव्या शतकात स्लाव्ह भाषेसाठी लिपी घडवणारे सिरिल व मेथोडियस हे बंधू आणि त्यांचे कार्य यांचा हा दिवस. त्यांची मूळ लिपी ग्लागोलितिक. आजची सिरिलिक पुढे बल्गेरियात त्यांच्या शिष्यपरंपरेत तयार झाली. १८५१ मध्ये प्लोव्दिव येथील शाळेत नायदेन गेरोव यांच्या पुढाकाराने हा उत्सव झाला, तेव्हा राज्य तुर्कांचे होते आणि चर्चमध्ये वर्चस्व ग्रीकांचे. आपल्या अक्षरांचा उत्सव करणे म्हणजे आम्ही निराळे लोक आहोत असे सांगणेच होते. स्वातंत्र्य त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आले. सण आधी आला!

साम्यवाद्यांनाही हा दिवस पुसावासा वाटला नाही. त्यांनी संतांपेक्षा शिक्षण व संस्कृती यांवर भर दिला. आजही चर्च या बंधूंचा सण ११ मेला पाळते आणि देश २४ मेला. विद्यार्थी फुलांनी सजवलेली त्यांची चित्रे घेऊन मिरवणुकीने निघतात. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात गेला तेव्हा लॅटिन व ग्रीक यांच्या जोडीला सिरिलिक ही संघाची तिसरी लिपी ठरली; २०१३ पासून निघालेल्या युरोच्या नव्या नोटांवर चलनाचे नाव त्या अक्षरांतही छापलेले असते.