मोटरला शेवटी पकड

घाटकोपर, 9 मे

चि. भाचेबुवांस,


गॅरेजवाल्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेची मोटर गेली म्हणून सांगितलं आणि तू लगेच नवी टाकायला निघालास, असं ताईकडून कळलं. जरा थांब. काच खाली नीट जाते, वर येताना रखडते, हे तूच मला सांगितलंस ना? मग मोटर मेली कशी? तिला जाणाऱ्या मुख्य तारा दोनच. वीज एका दिशेने सोडली की काच खाली, उलटी सोडली की वर. एकीकडे सुरळीत फिरणारी मोटर सहसा दुसरीकडेही फिरते. फरक इतकाच, की उतरताना काचेचं वजन तिच्या मदतीला असतं आणि चढताना तेच वजन उचलून वर चौकटीच्या रबराशी झगडावं लागतं. तेव्हा पहिला संशय रबरावर, दुसरा स्विचवर. मोटरला शेवटी पकड.

आज अंधार पडला की एक कर. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरव, आतला दिवा लाव आणि काच वर घ्यायचं बटण दाब. दिवा मंदावला तर वीज पोचतेय, मोटर जोरही लावतेय, पण काच कुठेतरी अडतेय. दिवा ढिम्म राहिला तर बहुधा वीजच पोचत नाही; मग फ्यूज, स्विच किंवा वायर बघायची. दार अर्धवट उघडल्यावर काच चालते आणि लावल्यावर बंद पडते, असं दिसलं तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटली आहे म्हणून समज. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर काच उचलणाऱ्या मशीनची केबल गेली. आणि बटण धरून बसू नकोस. गरम झाली की मोटर स्वतःच थांबते. दहा मिनिटं विसावली की परत चालते. अशी थांबलेली मोटर मेली म्हणून बदलणारे कमी नाहीत.

ड्रायव्हरचीच काच का, याचं उत्तर मुलुंडच्या टोलनाक्यावर आहे. फास्टॅग येईपर्यंत तुझ्या बाबांनी ठाण्याला जाता-येता ती किती वेळा खाली केली असेल! छोट्या गाड्यांचा टोल 2024 च्या ऑक्टोबरात माफ झाला, पण झीज काही माफ होत नाही. त्यात पावसात उघड्या काचेतून पाणी पडायचं ते थेट दारावरच्या स्विचवर. तो उघडलास तर आतली टोकं काळी पडलेली दिसतील. कॉन्टॅक्ट क्लीनरने बऱ्याचदा काम भागतं.

रबराचं आणखी एक. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा दंडाच्या धास्तीने सगळ्यांनी त्या घाईघाईत खरवडल्या. तुमच्या गाडीचीही खरवडली होती. तिचा डिंक काचेच्या कडेला राहिला असेल तर त्यावर धूळ बसून काच चिकटत चालते. ओल्या फडक्याने रबराची खाच आतून पूस, कडेचा डिंक काढ, वाळू दे, मग सिलिकॉन स्प्रे मार. इंजिन ऑइल किंवा ग्रीस अजिबात नको. रबर फुगतं आणि धूळ आणखी धरतं.

एवढं करूनही नाही जमलं तर दाराचं पॅड उघडायचं. स्क्रू हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टखाली लपलेले असतात, बाकी प्लास्टिकच्या क्लिपा. आत काळ्या चिकट पदार्थाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. गॅरेजमधली पोरं तो फाडून फेकतात, याचा मला फार राग आहे. पावसाचं पाणी दाराच्या आत जाणारच, दार तसंच बनवलेलं असतं. खालच्या भोकांतून ते बाहेर पडतं आणि हा कागद ते गाडीत येऊ देत नाही. कागद जपून सोडव, परत तसाच चिकटव, आणि खालची भोकं काडीने मोकळी कर. काच वर असेल तर चिकटपट्टीने चौकटीला बांध. स्विचची वायर काढल्याशिवाय मशीनमध्ये बोट घालायचं नाही.

मोटर खरंच गेलेली निघाली तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल मिळतो. आपली मोटर सोबत ने, डावी-उजवी आणि प्लग जुळवून बघ, दुकानातच बॅटरीला लावून दोन्हीकडे फिरवून घे.

हे सगळं जूनच्या आत, पावसाआधी हवं. गाडी 2005 ची आहे, आणि त्याच वर्षीच्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. काच लावून गाडीत बसलेली काही माणसं त्या दिवशी गाडीतच गेली. पाणी चढलं की वीज बंद पडते, दाबामुळे दार उघडत नाही आणि पॉवर विंडोला हाताने फिरवायचा दांडा नसतो. म्हणून अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी दिसलं की आत शिरायचंच नाही. तरी अडकलासच, तर पाणी दाराला लागताच, वीज जिवंत आहे तोवर काच खाली घे. सीट भिजली तर भिजली. काच फोडायची हातोडी डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवी. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचं, मधोमध नाही. पुढच्या काचेवर वेळ घालवू नकोस, तिच्या दोन थरांत प्लास्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण सुटत नाही.

दिव्याची परीक्षा करून आज रात्री फोन कर. दिवा मंदावला तर रविवारी सकाळी इकडेच ये. स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्ट लॅम्प माझ्याकडे आहेत, सिलिकॉन स्प्रे आणि सातआठ जादा क्लिपा तू आण. जुन्या क्लिपा निघताना तुटणारच.

तुझा,
मामा