रक्त तपासायचं, पण गावात नको

प्रश्न : मी चिखलदऱ्यात एका लॉजवर कामाला आहे. चार महिन्यांपूर्वी एका बाईशी संबंध आला, निरोध नव्हता. तेव्हापासून मोबाइलवर लक्षणं पाहून राहिलो. तोंड आलं की एचआयव्ही, घाम आला की एचआयव्ही. घरचे सोयरीक पाहून राहिले. इथल्या दवाखान्यात सगळे ओळखतात. असं विचारतो म्हणून माफ करा.

उत्तर : माफी राहू द्या. वाचकांच्या अशाच प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरं दिली म्हणून १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला चालला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तरी कर्व्यांना दंड झालाच. त्या मानानं आमचं काम फुकटचं!

लक्षणं पाहणं बंद करा. एचआयव्ही कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप असतो. उलट नुसत्या काळजीनं झोप उडते, छाती धडधडते, घाम फुटतो. तेव्हा अंगावरून ‘आहे’ही कळत नाही आणि ‘नाही’ही. रक्तच पाहावं लागतं.

तुमचे चार महिने उलटलेत, हे बरं झालं. तीन महिन्यांनंतरची चाचणी पक्की धरतात. ती निगेटिव्ह आली की त्या प्रसंगापुरता विषय संपला. पहिली पॉझिटिव्ह दिसली, तर वेगवेगळ्या किटनं आणखी तपासल्याशिवाय निदान सांगत नाहीत. (ज्याचं कालपरवाच घडलंय, त्यानं मात्र थांबू नये. ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या गोळ्यांनी संसर्ग टळू शकतो.)

आपल्याच गावात तपासावं असं बंधन नाही. घाट उतरून अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, नाहीतर अमरावतीचं इर्विन. ‘आयसीटीसी’ (समुपदेशन आणि तपासणी केंद्र) कुठे, एवढंच विचारा. चाचणी मोफत असते, आधी समुपदेशक बोलतात. २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी होत नाही, आणि लॉजमालकाला किंवा घरी कोणी निकाल कळवू शकत नाही. जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. गेल्यावर गरमीचीही (सिफिलिस) तपासणी सांगा. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि पेनिसिलिननं बरी होणारी गरमी अंगावर काढतात.

निगेटिव्ह रिपोर्टनंतरही पुन्हा तपासावंसं वाटलं, तर लॅब बदलू नका. समुपदेशकाला तसं सांगा. भीतीवरही उपचार असतात.

मुलगी पाहायला रिपोर्ट आल्यावरच जा. पॉझिटिव्ह आला तर औषधं एआरटी केंद्रात मोफत मिळतात, ती नियमित घेऊन माणूस संसारही करतो. पण तिला आधी सांगून.