शांततेतला प्रश्न

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८, स्तोत्र १३९:२३, २४

आपण स्वतःला खरोखर ओळखतो काय? हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वर, अल्लमप्रभू व इतर शरण अनुभवमंटपात बसून आत्मज्ञानाचा विचार करीत, असे परंपरा सांगते. पवित्र शास्त्रात एलीयाचे चरित्र आपल्याला याच प्रश्नापुढे उभे करते.

कर्मेलावर विजय मिळूनही ईजबेलीच्या धमकीने एलीया पळाला आणि होरेबाच्या गुहेत शिरला. वारा, भूमिकंप व अग्नी होऊन गेले. त्यांत परमेश्वर नव्हता. मग मंद वाणी आली. तिने प्रथम सांत्वन केले नाही, तर तू येथे कशाला आलास, असे विचारले. हाच प्रश्न आधीही झाला होता, आणि दोन्ही वेळा एलीयाचे उत्तर एकच होते, की मीच एकटा उरलो आहे (ओव्या १०, १४). देवाने दाखवून दिले की सात हजार अजून विश्वासू आहेत. एलीयाची स्वतःविषयीची समजूतच चुकीची होती.

बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातला भुयारी कालवा आहे. गाळ साचून तो कित्येक वर्षे विस्मृतीत गेला होता. अलीकडे गाळ उपसल्यावर आतले पाणी पुन्हा दिसू लागले. मन स्थिर करणे म्हणजे मन रिते करणे नव्हे. देवाची वाणी थांबलेली नसते. आपल्या कुरकुरीचा गाळ तिला अडवतो. तो गाळ देवाला उपसू द्यावा, हीच स्तोत्रकर्त्याची प्रार्थना आहे.

सीमाभागातील लहान मंडळीत शब्बाथ शाळेचा शिक्षक पुष्कळदा एकटाच असतो. "सारे मलाच करावे लागते," असे पुटपुटत मीही कित्येक रविवारी वर्ग उघडला आहे. एके पहाटे प्रार्थनेत गप्प बसलो, तेव्हा ध्यानात आले की दर रविवारी माझ्याआधी येऊन चटया अंथरणाऱ्या आजीबाईंना मी कधी मोजलेच नव्हते! त्या दिवशी मला माझा गर्व दिसला.

या महिन्यात पाठाच्या तयारीआधी दहा मिनिटे शांत बसा. काही मागू नका. देवाला विचारू द्या.

वर्गासाठी प्रश्न
१. एलीयाला तोच प्रश्न दोनदा का विचारला गेला असेल?
२. आपल्या मंडळीत आपण कोणाला मोजायचे विसरलो आहोत?