पेठेचा संघ

कोल्हापूर म्हटले की कुस्ती डोळ्यांपुढे उभी राहते. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येस उदार आश्रय दिला. तिच्यासाठी त्यांनी खासबागेत भव्य मैदान बांधविले; ते १९१२ साली पूर्ण झाले. पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या. परंतु त्याच तालमींच्या नावाने आज या नगरीत आणखी एक खेळ गाजतो, आणि तो म्हणजे फुटबॉल. मल्लांच्या गावाला चेंडूचा असा लळा लागावा, ही गोष्ट नवलाची वाटते खरी. पण तालीम म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तिचे फारसे नवल वाटणार नाही.

तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली तांबडी माती आणि बलोपासनेची देवता असलेला मारुती ही तर तिची ओळखच. पण तालमीच्या कट्ट्यावर सारी पेठ एकत्र येते. कोणाच्या घरी कार्य निघाले की मांडव घालावयास आणि कोणावर दुःखद प्रसंग ओढवला की खांदा द्यावयास तालमीतील मुले न बोलावता हजर होतात. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५० फुटांच्याही वर चढले. त्या संकटात अडकलेल्यांस बाहेर काढावयास व त्यांच्या मुखी अन्न घालावयास जे धावले, त्यांत शहरातील तालमींचे व तरुण मंडळांचे कार्यकर्ते होते.

फुटबॉल येथे रुजला तो संस्थानी अमदानीत. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली व स्पर्धांना शिस्त आली. संघ उभा करण्यासाठी पेठेला माणसे शोधीत हिंडावे लागले नाही; तरुण तालमीत जमतच होते, आणि एका चेंडूत बावीस जणांचा खेळ होतो, हेही सामान्य घरच्या मुलांना परवडणारेच होते. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे आखाड्याची. पण ती आज फुटबॉल संघांची म्हणूनच अधिक ओळखली जातात. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ आहेत.

शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या पेठेतील घरे ओस पडतात. मैदानात धावणारा खेळाडू प्रेक्षकांना परका नसतो. तो कोणाचा पुतण्या असतो, तर कोणाच्या शेजारचा. त्याच्या पायातून चेंडू निसटला तर त्याला रात्री कट्ट्यावर जाब द्यावा लागतो, आणि त्याने गोल केला तर तीच मंडळी त्याला खांद्यावर घेतात.

या आपलेपणाला एक कडू बाजूही आहे. पेठेचा अभिमान कधी कधी मैदानाची वेस ओलांडतो. पंचाचा निर्णय रुचला नाही म्हणून दगड उचलले गेले आहेत, समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत आणि प्रसंगी सामनेही थांबवावे लागले आहेत. जी मुले पुरात माणसे वाचवितात, त्यांच्याच पेठेतील हात दगड उचलतात, हे पाहून जुन्या खेळाडूंना वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरी चिंता निराळी आहे. चषक जिंकण्याच्या ईर्ष्येने काही संघ बाहेरगावचे, इतकेच नव्हे तर नायजेरियासारख्या दूरदेशीचेही खेळाडू आणू लागले. खेळाचा दर्जा त्याने वाढला, हे नाकारता येणार नाही. मात्र पाहुण्याला एक जागा दिली की पेठेतील एक मुलगा कडेला बसतो. तालीम चषकासाठी की मुलांसाठी, असा हा पेच आहे. आणि तो पैशाने सुटणारा नाही.

कोल्हापूरच्या मुलांत गुण नाहीत, असे तर कोणी म्हणू शकणार नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा भारतीय संघातील २१ खेळाडूंत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याच्या खेळाला वळण लागले. अशा मुलाचा पाय चेंडूला पहिल्यांदा लागतो तो गल्लीत किंवा गांधी मैदानासारख्या मोकळ्या जागी. तेथे त्याचा खेळ पाहून, “उद्यापासून तालमीत ये,” असे म्हणणारा कोणी जाणता माणूस भेटला, तरच पुढची वाट उघडते.