ऊन वर आलं की माळावर

आईबाबांनो, संक्रांत जवळ आली की आपल्या शिरूर-दौंडकडे घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं. "केवढा गारठा पडलाय, कुठं निघालास सायकल घेऊन?" पोराच्या डोक्यावर कानटोपी चढते आणि सायकल पडवीतच राहते. जाड टायरची, गिअरची ती सायकल तुम्हीच हौसेनं घेऊन दिलेली असते. क्लासला जाणं-येणं एवढंच तिचं काम होऊन बसतं. त्या सायकलीला आणि तुमच्या मुलालाही माळाची ओळख करून द्या, हे सांगायला आज बसले आहे.

जंगल म्हटलं की आपण भीमाशंकर नाहीतर ताम्हिणीकडे बोट दाखवतो. आपला भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे इथलं रान वेगळं. बाभूळ, हिवर, बोर, कडुलिंब, वनविभागानं लावलेला ग्लिरिसिडिया आणि मधून पिवळं पडलेलं गवत. दौंडकडे कुरकुंभच्या फिरंगाई देवीच्या बाजूला किंवा पाटसच्या पुढे रोटी घाटाकडे गेलात की हा माळ लागतो. तुकोबांची पालखी चढून जाते तोच हा घाट. शिरूरकडे कान्हूर मेसाई, मोराची चिंचोली ही जिरायती गावं. पावसाळ्यात वाटेवरची माती चाकाला चिकटते, उन्हाळ्यात सकाळी नऊलाच डोकं तापतं. मुरूम घट्ट बसलेला, अंगाला ऊन हवंहवंसं वाटणारं, असे दिवस फक्त डिसेंबर-जानेवारीत मिळतात. नेमके तेच आपण मुलांना घरात कोंडून घालवतो.

थंडीचं म्हणाल, तर चढाला लागलं की अंग थोड्याच वेळात गरम होतं. त्रास होतो तो पुढे. जाड स्वेटरमध्ये मूल घामेजतं आणि उताराला लागलं की ओल्या अंगावर वारा बसतो. म्हणून एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला. वर वारा अडवणारं जाकीट असू द्या, चढावर ते काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवायचं आणि उताराआधी पुन्हा घालायचं. युरोपातले शर्यतीचे सायकलपटू डोंगर उतरण्याआधी छातीशी वर्तमानपत्राची घडी खोचत, ती याचसाठी. हातमोजे मात्र हवेतच, कारण बोटं बधिर झाली तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मुलाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि पंप खिशात असू द्या. थंड, कोरड्या हवेत धाप लागली की दमा उसळू शकतो.

मनातली खरी भीती वेगळी आहे, हे मला ठाऊक आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्यानं लहानग्यांचे जीव घेतले. तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. त्या आयांना कुणी "घाबरू नका" म्हणावं, असं मला वाटत नाही. बिबट्या आपल्याकडे उसात राहतो, उसातच त्याची पिल्लं वाढतात, आणि त्याचा वावर जास्त करून अंधारात आणि संधिप्रकाशात असतो. तेव्हा नियम कडक ठेवा. सूर्य चांगला वर आल्याशिवाय निघायचं नाही. उसाच्या कडेची वाट, ओढ्याची झाडी, पाटाचा बांध, सगळं वर्ज्य. एकट्यानं जायचं नाही आणि दिवस कलायच्या कितीतरी आधी घरी परतायचं. आदल्या दिवशी वनरक्षकांना किंवा गावातल्या जाणत्यांना विचारा, आणि बिबट्या दिसल्याची नुसती कुणकुण असली तरी बेत रद्द करा. मूल रुसेल, रुसू द्या.

उसाचा दुसरा धोका रस्त्यावरचा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या धुक्यात मागच्या दिव्याविना धावतात. माळापर्यंतचं अंतर मोठ्या रस्त्यावरून असेल तर सायकली टेंपोत टाकून न्या.

माळावर आपण पाहुणे आहोत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकाऱ्यांसाठी राखलं, आणि ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. अशा ठिकाणी परवानगीशिवाय सायकल घालायची नाही. बाहेरच्या माळावरही मळलेली गाडीवाट सोडायची नाही. लांडग्यांची पिल्लं याच दिवसांत बिळात असतात आणि कित्येक पक्षी जमिनीवरच घरटं करतात. धनगरांचा वाडा दिसला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायचं. पळत्या चाकामागे मेंढरांची कुत्री हमखास लागतात.

सराटा आणि बाभळीचा काटा पंक्चर करणारच. पंप, ठिगळं आणि सोल्यूशन पिशवीत ठेवा आणि ट्यूब मुलालाच काढू द्या. आपल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं काम करत शिकण्यासाठी. तुमचा हात शिवशिवेल, पण मागे घ्या.

मुलींच्या आईबाबांना जरा जास्त आग्रह करते. शेजारच्या जिल्ह्यातल्या संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये उतरली, पदकं घेऊन आली. दहावी जवळ आली की मुलीची सायकल धाकट्या भावाकडे जाते, हे मी फार पाहते आणि दरवेळी वाईट वाटतं.

आणि तुम्ही स्वतः जा. मोटरसायकलवरून मागे मागे नको. एखादी जुनी सायकल मागून घ्या, नाहीतर चढावर मुलासोबत चालत जा. तासाभराची फेरी पुष्कळ झाली. बाभळीखाली दम खायला थांबलात की घरात जेवताना मान वर न करणारं मूल आपणहून बोलायला लागतं. शाळेतलं भांडण, एखादी लपवलेली भीती, काहीही निघतं. तेव्हा मधेच मार्कांचा विषय तेवढा काढू नका.