आमवातावरील प्रतिपिंडांची औषधे आणि लपविलेला क्षय

सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, मनगटे सुजतात, खतावणी लिहिताना लेखणी धरवत नाही. अशा व्यथेस आपल्याकडे ‘वयाचा वात’ म्हणून सोडून देतात. पुष्कळदा तो आमवात असतो. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. मेथोट्रेक्सेटने अनेकांचे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी प्रतिपिंडांची औषधे आहेत.

या दाहाच्या मुळाशी टीएनएफ नामक प्रथिन असते. लंडनमध्ये मार्क फेल्डमन व मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी हे दाखविले आणि १९९२ मध्ये त्या प्रथिनास बांधून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड रुग्णांस प्रथम दिले. तेच पुढे इन्फ्लिक्सिमॅब झाले. नंतरचे ॲडॅलिमुमॅब पंधरवड्यास एकदा त्वचेखाली टोचतात. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने २०१४ मध्ये त्याचे तुल्य औषध आणल्यावर ते अधिक कुटुंबांच्या आवाक्यात आले.

अहिंसेचा प्रश्न आमच्या वाचकांस पडणारच. ॲडॅलिमुमॅब ज्या पेशींत तयार होते, त्या १९५७ मध्ये एका चिनी हॅमस्टरपासून घेतलेल्या पेशींच्या वंशातील असून प्रयोगशाळेतच वाढविल्या जातात. प्रत्येक कुपीसाठी नवा जीव लागत नाही. संशोधनात प्राण्यांचा उपयोग झाला, हेही खरे. निर्णय ज्याने त्याने करावा.

आम्हांस अधिक चिंता दुसऱ्या गोष्टीची वाटते. जुन्या क्षयाचे जंतू फुप्फुसात पेशींच्या तटबंदीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. ती तटबंदी टिकविण्याचे काम हेच टीएनएफ करते. ते आवरले की तट ढासळू शकतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय उद्भवलेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यांपैकी ४८ जणांस तीन किंवा त्याहून कमी मात्रांतच तो झाला होता. म्हणून आधी छातीचे क्ष-किरण चित्र व क्षयाची त्वचेची वा रक्ताची चाचणी करतात, आणि सुप्त क्षय आढळल्यास प्रथम त्यावर औषध सुरू करतात.

परंतु मुलीचे लग्न जमावे म्हणून घरातील क्षय लपविण्याची रीत आपल्या पेढ्यापेढ्यांत आहे. सुनेस माहेरचा आजार सासरी बोलता येत नाही. जुनी चाचणी कधी चुकते, तेव्हा ही कुटुंबातील हकीकतच वैद्यास सावध करते. ती त्यांना एकांतात सांगावी. औषध चालू असता सायंकाळी बारीक ताप, खोकला वा वजनात घट दिसल्यास पुढील सुईची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.